संगणकातले पाणी, धातू आणि प्लास्टिक : करंजाच्या इंजिन मिस्त्रीला जमण्याजोगे काम

करंजा बंदरात बोटींच्या इंजिनांची कामे करणाऱ्या कुणाही जुन्या मिस्त्रीला विचारावे, "इंजिनात नळाचे पाणी भरून का चालत नाही?" तो हातातला पाना खाली न ठेवता उत्तर देईल. नळाच्या पाण्याने आत गंज चढतो, क्षारांचा थर बसतो, आणि खाऱ्या पाण्याच्या बाजूची जस्ताची कांडी वेळेवर बदलली नाही तर अख्खा हीट एक्स्चेंजर खाल्ला जातो. हे ज्ञान त्याला पुस्तकातून मिळालेले नाही. खाडीच्या तोंडाशी, खाऱ्या वाऱ्यात आयुष्य काढून ते मिळालेले आहे. हेच ज्ञान आज एका वेगळ्याच यंत्राला लागते आहे आणि त्या यंत्राची कामे करंजापासून फार दूर नाहीत. ते यंत्र म्हणजे संगणक.

उरण-पनवेल पट्ट्यातील आमचे अनेक तरुण मोटार, एसी आणि संगणक दुरुस्तीत आहेत. त्यांच्यापुढे ही माहिती मांडावी, एवढाच या लेखाचा हेतू. विषय जरा रसायनशास्त्राकडे झुकणारा आहे, पण जिथे सूत्राशिवाय भागते तिथे सूत्र दिलेले नाही.

संगणकाला पाणी कशाला?

संगणकाचा प्रोसेसर जितकी वीज खातो, तितकीच उष्णता बाहेर टाकतो. साध्या घरगुती संगणकाला पंखा पुरतो. परंतु व्हिडिओ संपादन, इमारतींचे नकाशे, खेळ किंवा कृत्रिम बुद्धिमत्तेची कामे करणाऱ्या यंत्रात एकच चिप तीनशे वॅट आणि त्याहूनही अधिक उष्णता देते. सारख्याच आकारमानाची हवा आणि पाणी घेतले, तर पाणी हवेच्या सुमारे साडेतीन हजार पट उष्णता वाहून नेते. एका साध्या हिशेबाने हे पटेल. मिनिटाला ४ लिटर पाणी फिरत असेल आणि चिप ३०० वॅट उष्णता देत असेल, तर चिपवरून जाताना पाणी जेमतेम १ अंशाने तापते. म्हणूनच मोठी यंत्रे पूर्वीपासून पाण्याकडे वळली. आयबीएम कंपनीची १९६० च्या दशकातील सिस्टिम ३६० मॉडेल ९१ आणि १९८० साली जाहीर झालेली ३०८१ ही यंत्रे पाण्याने थंड होत. आपल्या महाराष्ट्रात पुण्याच्या आयसर संस्थेत २०१९ मध्ये बसविलेल्या 'परम ब्रह्म' या महासंगणकातही चिपपर्यंत द्रव नेण्याची पद्धत वापरली आहे.

आता डेटा सेंटरकडे पाहा. ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यात ऐरोली, रबाळे, महापे येथे अशी केंद्रे उभी आहेत. पनवेलजवळ हिरानंदानी फॉर्च्युन सिटीत योट्टा कंपनीचे एनएम-१ हे मोठे केंद्र जुलै २०२० मध्ये सुरू झाले. मार्च २०२४ मध्ये अमेरिकेच्या एनव्हिडिया कंपनीने ७२ चिपांचे एक कपाट जाहीर केले. त्या एका कपाटाची भूक सुमारे १२० किलोवॅट आहे. इतकी उष्णता पंख्याने बाहेर काढता येत नाही, म्हणून ते कपाट मुळातच द्रवशीतनावर बेतलेले आहे. दहा अंशांची तापवाढ धरली तर त्यातून मिनिटाला सुमारे १७० लिटर पाणी फिरवावे लागेल. म्हणजे हे काम आता संगणकवाल्यापेक्षा पाइप, पंप, व्हॉल्व्ह आणि कूलंट समजणाऱ्या माणसाचे होत चालले आहे. आयटीआयमध्ये रेफ्रिजरेशन आणि एअर कंडिशनिंगचा ट्रेड केलेल्या मुलाने हे नीट लक्षात घ्यावे.

बोटीचे इंजिन आणि डेटा सेंटर यांची रचना तर जवळजवळ सख्ख्या भावांसारखी आहे. ज्या बोटीत हीट एक्स्चेंजर असतो, तिथे दोन वेगळे फेरे असतात. आतल्या बंद फेऱ्यात कूलंट, बाहेरच्या फेऱ्यात समुद्राचे पाणी. दोघे एकमेकांत मिसळत नाहीत, फक्त उष्णता इकडून तिकडे जाते. डेटा सेंटरमध्येही चिपकडचा आतला फेरा वेगळा आणि इमारतीच्या कूलिंग टॉवरकडचा बाहेरचा फेरा वेगळा. मधे जे कपाटाएवढे यंत्र असते त्यात पंप, गाळणी आणि हीट एक्स्चेंजर असतो. नाखव्याला हे चित्र दाखवले तर तो म्हणेल, "यात नवीन ते काय?"

नवीन आहे ते चिपवर बसणाऱ्या तांब्याच्या पट्टीत, म्हणजे कोल्ड प्लेटमध्ये. इंजिनाच्या जॅकेटमध्ये बोट जाईल इतकी वाट असते. कोल्ड प्लेटमधील खाचा मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाएवढ्या, कधी त्याहूनही अरुंद असतात. इंजिनात चिमूटभर गाळ बसला तर ते कुरकुर करीत चालते. इथे तेवढ्याच गाळाने वाट बंद होते आणि हजारो रुपयांची चिप तापून आपोआप बंद पडू लागते.

पाण्यात काय घालावे, काय घालू नये

प्रथम पाणीच. नळाच्या पाण्यात क्षार आणि क्लोरीन असते. खाडीलगतच्या बोअरवेलचे पाणी मचूळ असते, ते तर स्टीललाही टोचून भोके पाडते. तुरटी फिरवलेले पाणी दिसायला स्वच्छ, पण तुरटीही क्षारच. पाणी उकळले की जंतू मरतात, मात्र वाफ उडाल्याने उरलेल्या पाण्यात क्षारांचे प्रमाण वाढते. घरातल्या आरओचे पाणी पिण्यास उत्तम, तरी त्यातही काही क्षार राहतातच. काही हुशार मंडळी एसीच्या नळीतून ठिबकणारे पाणी बाटलीत साठवतात. ते वाफेपासून बनलेले असले तरी एसीच्या जाळीवरची धूळ, बुरशी आणि धातूचे कण घेऊनच खाली येते. तेव्हा शुद्ध केलेले, क्षार काढलेले डीएम पाणीच घ्यावे. बॅटरीचे पाणी म्हणून जे मिळते ते चांगल्या कंपनीचे, सीलबंद असेल तर चालते, पण टीडीएस मीटर बुडवून पाहिल्याशिवाय विश्वास ठेवू नये. मीटर महाग नसतो.

मग नुसते डीएम पाणी का नको? एक तर ते हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून किंचित आम्लधर्मी होते आणि धातू हळूहळू विरघळवू लागते. दुसरे, त्यात शेवाळ व जंतू वाढतात. आणि शुद्ध पाण्यातून वीज जात नाही म्हणून गळले तरी धोका नाही, ही समजूत फार दिवस टिकत नाही. धातूचे कण मिसळले की तेच पाणी काही दिवसांत वीजवाहक होते.

म्हणून पाण्यात तीन प्रकारची रसायने घालतात. गंजरोधक, जंतुनाशक आणि ग्लायकॉल. तांब्याला जपणारे बेन्झोट्रायाझोल हे गंजरोधक अगदी थोड्या प्रमाणात पुरते. ते तांब्यावर दिसणारही नाही असा पातळ पापुद्रा तयार करते. अ‍ॅल्युमिनियमसाठी सिलिकेट किंवा सेंद्रिय आम्लांपासून बनवलेली वेगळी द्रव्ये लागतात. मोटारीच्या कूलंटमध्येही हीच मंडळी असतात, पण दोन वेगळ्या कुळांचे कूलंट एकमेकांत मिसळले तर कधीकधी जेलीसारखा चिकट गाळ तयार होतो. रंगावरून कूळ ओळखण्याचा प्रयत्न करू नये. हिरवा, लाल, गुलाबी हे रंग कंपन्या आपल्या मर्जीने घालतात, त्यांना कसलेही बंधनकारक मानक नाही. डब्यावरचा मजकूर वाचावा.

ग्लायकॉलबद्दल सविस्तर सांगितले पाहिजे, कारण चुका इथेच अधिक होतात. थंड देशांत पाणी गोठू नये म्हणून ग्लायकॉल घालतात. करंजाला पाणी कधी गोठले आहे? तरीही डेटा सेंटरच्या आतल्या फेऱ्यात २५ टक्के प्रोपिलीन ग्लायकॉल आणि ७५ टक्के पाणी हे मिश्रण जगभर रूढ झाले आहे. त्याचे कारण जंतू. साधारण २० ते २५ टक्क्यांच्या वर ग्लायकॉल असेल तर जंतूंची वाढ खुंटते. गंमत अशी की तेच ग्लायकॉल दहा टक्क्यांच्या खाली आले की जंतूंचे अन्न बनते! "थोडे थोडे घालतो, पैसेही वाचतील," असा हिशेब करणारा माणूस नकळत जंतूंना जेवण वाढत असतो. उलट ५० टक्के घातले तर द्रव जाड होतो, पंपावर ताण येतो आणि उष्णता वाहण्याची ताकदही कमी होते.

आता पातळी कमी झाली म्हणून वरून काय भरावे? याचे उत्तर 'पातळी कशाने घटली' यावर आहे. रबराच्या नळीच्या भिंतीतून पाण्याची वाफ वर्षानुवर्षे अगदी सावकाश बाहेर जाते. ग्लायकॉल मात्र आत राहते. अशा वेळी नुसते डीएम पाणी भरावे, कारण गेले आहे ते पाणीच. पण जोडातून गळती होऊन पातळी घटली असेल, तर पाण्याबरोबर ग्लायकॉल व गंजरोधकही गेलेले असते. तिथे तयार मिश्रणच भरले पाहिजे. रेडिएटरवाल्याकडे असतो तो रिफ्रॅक्टोमीटर इथेही कामाचा आहे. काचेवर एक थेंब टाकला की टक्केवारी दिसते. मात्र इथिलीन आणि प्रोपिलीन यांच्या पट्ट्या वेगळ्या असतात, चुकीची पट्टी वाचू नये.

इथिलीन ग्लायकॉल उष्णतेच्या दृष्टीने थोडे सरस आहे, पण ते विषारी आणि चवीला गोडसर आहे. घरात लहान मुले आणि मांजरे असताना ते उघड्यावर ठेवणे म्हणजे संकटाला बोलावणे होय. घरगुती कामासाठी प्रोपिलीनच बरे.

जंतुनाशकाच्या बाबतीत ब्लिचिंग पावडरकडे हात जाण्याची शक्यता मोठी आहे. ते कटाक्षाने टाळावे. क्लोरीन तांबे आणि स्टील दोन्ही खाते आणि काही प्लास्टिकही ठिसूळ करते. मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट शेवाळ मारते हे शेतकऱ्यालाही ठाऊक आहे. परंतु फेऱ्यात कुठेही अ‍ॅल्युमिनियम असेल तर मोरचुदातील तांबे त्याच्यावर जाऊन बसते आणि तिथे खड्डे पडू लागतात.

जस्ताची कांडी इथे चालणार नाही

तांबे आणि अ‍ॅल्युमिनियम एकाच पाण्यात राहिले की त्यांची लहानशी बॅटरी बनते आणि तीत अ‍ॅल्युमिनियमचा बळी जातो. दोन धातू एकमेकांना चिकटलेले नाहीत, मधे रबराची नळी आहे, तेव्हा भीती नाही असे पुष्कळांना वाटते. पण तांब्याचे सूक्ष्म कण पाण्यातून प्रवास करून अ‍ॅल्युमिनियमवर जाऊन बसतात आणि खाणे सुरूच राहते. बाजारात स्वस्त म्हणून मिळणारे काही रेडिएटर अ‍ॅल्युमिनियमचे असतात. ते वरून काळ्या रंगाचे असल्याने ओळखू येत नाहीत. वजन करून पाहावे. तांब्या-पितळेचा रेडिएटर त्याच मापाच्या अ‍ॅल्युमिनियमच्या रेडिएटरपेक्षा स्पष्टपणे जड लागतो.

बोटीवर याच रोगाला जस्ताची कांडी हे औषध आहे, कारण जस्त स्वतः झिजते आणि बाकीच्या धातूंना वाचवते. आमच्या एखाद्या कुशल मिस्त्रीला वाटेल, संगणकाच्या टाकीतही जस्ताचा तुकडा टाकून द्यावा. ते करू नये. बोटीवर जस्ताची झीज समुद्राच्या पाण्याबरोबर वाहून जाते. संगणकात पाणी बंद फेऱ्यात फिरते, म्हणून झिजलेले जस्त पांढऱ्या भुकटीच्या रूपाने त्या केसाएवढ्या खाचांत जाऊन अडकते. इथे उपाय एकच. पूर्ण फेऱ्यात तांबे, पितळ आणि निकेलचा मुलामा दिलेले भाग ठेवावेत, नाहीतर सगळेच अ‍ॅल्युमिनियम. सरमिसळ नको. पितळही फार जास्त जस्ताचे नसावे, कारण काळाने त्यातील जस्त पाण्यात उतरते.

प्लास्टिकला निर्जीव समजू नये

धातू गंजतो हे सर्वांना माहीत आहे. पण प्लास्टिकलाही आजार होतात, आणि बहुतेक वेळा ते आपणच लावलेले असतात.

पारदर्शक टाक्या आणि ब्लॉक बहुधा अ‍ॅक्रिलिकचे असतात. दिसायला काचेसारखे आणि कापायला सोपे. या अ‍ॅक्रिलिकचा मोठा वैरी म्हणजे अल्कोहोल. कोरोनानंतर प्रत्येक दुकानात सॅनिटायझर किंवा स्पिरिटची बाटली असतेच. जोडणीपूर्वी ब्लॉक चकचकीत करावा म्हणून त्याच स्पिरिटने पुसला जातो. स्क्रूच्या भोकाभोवती आधीच ताण असतो. तिथे स्पिरिट लागले की कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा उमटतात. पहिल्या दिवशी काही दिसत नाही. महिन्याभराने तिथूनच तडा जातो आणि ग्राहक म्हणतो, माल खराब होता. अ‍ॅक्रिलिक साबणाच्या सौम्य पाण्याने धुवावे, मऊ कापडाने टिपावे, बस्स. कूलंटमध्ये अल्कोहोल घातलेले असेल तर तेही अ‍ॅक्रिलिकच्या फेऱ्यात भरू नये. ज्या काळ्या किंवा दुधी प्लास्टिकला एसिटल म्हणतात ते अल्कोहोलला दाद देत नाही, म्हणून जिथे शोभेची गरज नाही तिथे ब्लॉक एसिटलचा घ्यावा. त्याला मात्र क्लोरीन आणि तीव्र आम्ल सोसत नाही. प्रत्येकाची एकेक दुखरी जागा आहे.

नळ्यांचा विषय तर धंद्याचाच आहे. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारी मऊ, पारदर्शक पीव्हीसी नळी स्वस्त असते. मुळात पीव्हीसी कडक असते. त्याला मऊ करण्यासाठी एक तेलकट द्रव्य मिसळतात, त्याला प्लास्टिसायझर म्हणतात. गरम पाण्याच्या सतत सहवासात ते द्रव्य हळूहळू बाहेर पडते. नळी धुरकट व कडक होते, आणि निघालेला पांढरट चिकट थर कोल्ड प्लेटच्या खाचांत जाऊन बसतो. ग्राहक म्हणतो पाणी खराब झाले, दुकानदार म्हणतो पंप खराब झाला. खरा दोष नळीचा. ईपीडीएम नावाच्या काळ्या रबराच्या नळीत हा त्रास फारच कमी असतो. दिसायला ती साधी, पण डेटा सेंटरमध्ये तिलाच मान आहे.

याच ईपीडीएम रबराच्या ओ-रिंगबाबत इंजिन मिस्त्रींना एक खास सूचना द्यावीशी वाटते. इंजिनात वापरले जाणारे काळे नायट्राइल रबर तेल-ग्रीस सोसते. त्यामुळे ओ-रिंग बसवताना बोटाने थोडे ग्रीस लावण्याची सवय हातात भिनलेली असते. ईपीडीएमला खनिज तेल किंवा पेट्रोलियम जेली लागली की ते फुगते आणि सील सुटतो. तिथे सिलिकॉन ग्रीसच लावावे, नाहीतर कूलंटचाच एक थेंब. दोन्ही रबरे दिसायला हुबेहूब सारखी असतात, म्हणून ओ-रिंगांचे डबे वेगळे ठेवावेत आणि त्यांवर नावे लिहावीत. तसेच या फिटिंगांना टेफ्लॉन टेप गुंडाळण्याची गरज नसते. पाणी ओ-रिंग थांबवते, आटे थांबवत नाहीत. पान्याने जोर लावला तर अ‍ॅक्रिलिक फुटते. हाताने घट्ट करणे पुरेसे आहे.

घरांत गरम पाण्यासाठी वापरतात ती पिवळसर सीपीव्हीसी पाइप मोठ्या फेऱ्यात लावावीशी वाटते, कारण प्लंबिंगच्या दुकानात ती सहज मिळते. सीपीव्हीसीला प्रोपिलीन ग्लायकॉल २५ टक्क्यांपर्यंतच चालते, त्याहून अधिक झाले तर तडे जाण्याचा धोका असतो. म्हणजे वर सांगितलेले २५ टक्क्यांचे मिश्रण अगदी काठावर आहे. मिश्रण करताना माप थोडे चुकले की पाइप संकटात. या कामी ती न वापरलेली बरी. थ्रीडी प्रिंटरवर बनवलेले पीएलए प्लास्टिकचे जोडही पाण्याच्या फेऱ्यात घालू नयेत, साठ अंशांच्या आसपास ते मऊ पडतात.

मोठ्या कंपन्यांचेही याच ठिकाणी नुकसान झाले आहे. अ‍ॅपल कंपनीने २००४ मध्ये पॉवर मॅक जी-५ हा संगणक द्रवशीतनासह विकला. पुढे काही वर्षांनी त्यांतील अनेक यंत्रांत कूलंट गळून आतील भाग खराब झाले. २०२१ मध्ये एमएसआय कंपनीने आपल्या कोअरलिक्विड मालिकेतील पहिल्या काही कूलरांत गाळ साचतो हे मान्य करून ते बदलून दिले. आर्क्टिक कंपनीचे उदाहरण तर या लेखाच्या विषयाला नेमके लागू पडते. २०२२ मध्ये त्यांच्या लिक्विड फ्रीझर-२ या कूलरमध्ये असा दोष आढळला की सील करणाऱ्या रबरी गॅस्केटमध्ये जास्तीचे गंधक राहून गेले होते, आणि त्या गंधकाने तांब्याची कोल्ड प्लेट गंजत होती. पाणी चांगले, तांबे चांगले, पंप चांगला. बाधले ते एक रबरी गॅस्केट. कंपनीने दोष जाहीर केला आणि दुरुस्तीचा संच ग्राहकांना मोफत पाठवला.

हे शेवटचे वाक्य आमच्या व्यापारी बांधवांनी दोनदा वाचावे. ओल्या धान्याच्या ढिगाची हदीस आपण सर्वांनी ऐकली आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात ढिगात हात घातला, तेव्हा वरचे धान्य कोरडे आणि आतले ओले निघाले. ओला भाग वर का ठेवला नाही, लोकांना दिसला असता, असे त्यांनी विक्रेत्याला विचारले. बंद काळ्या नळीतला द्रव हा असाच ढिगाचा आतला भाग आहे. ग्राहकाला तो दिसत नाही आणि समजतही नाही. आपण कंपनीचे कूलंट भरले की मोटारीचे पातळ करून भरले, हे फक्त आपल्याला आणि अल्लाहला ठाऊक असते. ग्राहकाचा लाख-दीड लाखाचा संगणक आपल्या टेबलावर असतो तोवर ती अमानत आहे.

काम घेण्यापूर्वी

या कामाला भांडवल थोडे लागते. टीडीएस मीटर, पीएच पट्ट्या, रिफ्रॅक्टोमीटर, सिलिकॉन ग्रीस, हातमोजे आणि हवेचा दाब तपासणारा छोटा पंप. नवा फेरा जोडल्यावर त्यात पाणी भरण्याआधी साधारण अर्धा बार हवा भरून काटा पाहावा. पंधरा-वीस मिनिटांत काटा खाली आला नाही तर जोड पक्के समजावेत. हवा गळली तर नुकसान नाही, पाणी गळले तर आहे. नव्या रेडिएटरमध्ये डाग देताना वापरलेल्या फ्लक्सचे अवशेष असतात, म्हणून तो गरम डीएम पाण्याने दोन-तीनदा खळखळून घ्यावा. हे काम कंटाळवाणे आहे आणि सगळ्यात जास्त टाळले जाणारेही तेच.

माल मुंबईत लॅमिंग्टन रोडला मिळतो. घेताना कूलंटच्या डब्यावर कोणत्या धातूंसाठी आणि कोणत्या प्लास्टिकसाठी ते योग्य आहे हे लिहिलेले नसेल, तर तो डबा परत ठेवावा. दुधाळ, मोत्यासारखी चमक असलेले रंगीत द्रव तरुणांना फार आवडतात. त्यांतील कण काळाने तळाशी बसतात, आणि तळ म्हणजे पुन्हा त्याच खाचा. रोज चालणाऱ्या कामाच्या यंत्रात असा द्रव भरून देऊ नये. ग्राहकाने हट्टच धरला तर लवकर बदलावा लागेल हे बिलावर लिहून द्यावे.

आपल्या किनाऱ्याची एक अडचण परदेशी पुस्तिकांत सापडत नाही. पावसाळ्यात इथली हवा इतकी दमट असते की पंचवीस अंशांच्या आसपासच्या थंड वस्तूवरही दव जमते. रेडिएटर आणि पंख्यावर चालणाऱ्या फेऱ्यात पाणी खोलीच्या तापमानापेक्षा थंड होऊच शकत नाही, त्यामुळे तिथे भीती नाही. पण कुणी चिलर लावून पाणी वीस अंशांवर नेले, तर जुलै महिन्यात नळ्यांना बाहेरून घाम सुटेल आणि तो थेट मदरबोर्डवर ठिबकेल. आत गळती नसताना संगणक जळाल्याचा प्रकार असा घडतो.

खरी कमाई नव्या जोडणीत नाही, देखभालीत आहे. घरगुती सुटा फेरा साधारण वर्षाने तपासून द्रव बदलावा लागतो. कंपन्यांमध्ये तर ठरावीक मुदतीने नमुना काढून पीएच, वीजवाहकता आणि गढूळपणा पाहतात व नोंद ठेवतात. आपणही प्रत्येक यंत्रासाठी वहीचे एक पान ठेवावे. भरल्याची तारीख, द्रवाचे नाव व बॅच, टक्केवारी, पीएच, फेऱ्यातील धातू आणि नळीचा प्रकार. पुढच्या वर्षी पीएच घसरलेला दिसला तर गंजरोधक संपत आले आहे हे कळेल. पाणी निळसर-हिरवट झाले असेल आणि द्रवाला मूळचा रंग नसेल, तर तांबे विरघळू लागले आहे. डेटा सेंटरचे उपकंत्राट मिळवायला गेलेल्या मुलाने दहा यंत्रांची अशी वही पुढे केली, तर त्याचा प्रमाणपत्राहून अधिक उपयोग होईल, असे आम्हाला वाटते.

काही ठिकाणी पाण्याऐवजी संगणक सबंधच विशेष द्रवात बुडवून ठेवतात. १९८५ चा क्रे-२ हा महासंगणक फ्लुओरिनर्ट नावाच्या द्रवात बुडवलेला असे. तो द्रव बनवणाऱ्या थ्री-एम कंपनीने अशा फ्लुओरिनयुक्त रसायनांचे उत्पादन २०२५ अखेर बंद करण्याचे डिसेंबर २०२२ मध्ये जाहीर केले, कारण ती निसर्गात नष्ट होत नाहीत. खनिज तेलात बुडवण्याचीही पद्धत आहे, पण तिथे केबलच्या पीव्हीसी आवरणातील प्लास्टिसायझर तेलात निघून जातो आणि केबल कडक होऊन तडकते. आमच्या भागातील लहान दुकानदाराने सध्या या वाटेला जाऊ नये.

काढलेल्या जुन्या द्रवाचे काय करायचे, हे करंजाच्या माणसाला वेगळे सांगायला नको. तरीही सांगतो, कारण गटारात ओतणे सर्वांत सोपे असते आणि इथले गटार खाडीला मिळते. त्या द्रवात विरघळलेले तांबे असते, ते माशांना व कालवांना मारक. ग्लायकॉल स्वतः कुजताना पाण्यातील प्राणवायू ओढून घेते. म्हणून तो झाकणाच्या कॅनमध्ये साठवावा, कॅनवर नाव व तारीख लिहावी, मुलांच्या हाती लागणार नाही अशा जागी ठेवावा आणि इंजिनाचे जुने तेल उचलणाऱ्या परवानाधारकाकडे त्याची वेगळी चौकशी करावी. तेलाच्या पिंपात तो ओतू नये, नाहीतर तेलही कुणी घेणार नाही.